कापूस गेला आणि सूर फुटला

भाव वाढेल या आशेने मुकुटबनच्या रामरावांनी माजघरात छतापर्यंत कापूस भरला होता. त्याच ढिगाला टेकून त्यांची मुलगी प्रेरणा टीव्हीवरच्या व्हिडिओ गेमला गिटार जोडून हेवी मेटलची दणदणाटी गाणी शिके. कापूस सगळा आवाज पिऊन टाकी; बाहेर हूं की चूं नाही. कापूस विकला गेला आणि नेमके त्याच दिवशी कीर्तनकार बुवा मुक्कामाला आले. गिटारच्या पहिल्याच दणक्याला देवघरातली घंटी आपोआप वाजली. बुवांसमोर रामरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुवांनी मात्र डोळे मिटून मांडीवर ठेका धरला. "लय पक्की आहे पोरीची. गुरू कोण?"

"गुरू टीव्हीत बसते, बुवा," रामराव म्हणाले.

"उद्या कीर्तनात साथीला बसवा तिला."

"बाबा, पडद्यावर सूर दिसल्याबिगर मले वाजवताच येत नाही!" प्रेरणा आतून ओरडली.

दुसऱ्या दिवशी कापसाच्याच बैलबंडीतून, गळ्यात हार घालून, टीव्ही देवळाकडे निघाला.