यादीत नसलेलं नाव

मास्तर काही शिकवत नसत. पूर्वी कधीतरी त्यांनी संगणकाचे वर्ग घेतले होते, तेव्हाचं नाव चिकटलं ते चिकटलंच. आता नवऱ्याच्या जाचाला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना कायद्याची मदत करणाऱ्या एका लहानशा कार्यालयात ते संगणक सांभाळायचे. कपाटाएवढ्या खोलीत एक सर्व्हर होता. अकरा जणी आपापल्या टेबलावरून त्यातल्या फायली उघडायच्या. नाव आणि पासवर्ड विचारून कुणाला आत घ्यायचं, ते सर्व्हर ठरवायचा.

सोमवारी सकाळी कार्यालय चालवणाऱ्या वकीलबाईंनी फर्मान काढलं. "मास्तर, प्रत्येकीचं लॉगिन तपासा आणि सही करून कागद द्या."

"सगळं चालतंय की, बाई. कुणाची तक्रार आहे का?"

"दोन महिन्यांत एकही नाही. म्हणूनच तपासा."

सहा जणींचं बिनबोभाट झालं. सातवीचं नाव टाइप करताना घाईत एक अक्षर जास्त पडलं. ते खोडायच्या आत एंटर दाबला गेला आणि स्क्रीनवर सगळे फोल्डर उघडले.

 मास्तरांनी मनाला येईल ते नाव ठोकलं, पासवर्डच्या जागी नुसते आकडे. उघडलं. मग स्वतःचं खरं नाव घालून पासवर्ड मुद्दाम चुकवला. नाही उघडलं. म्हणजे घरच्या माणसाला दारात अडवायचं आणि ज्याला कुणी ओळखत नाही त्याला पाहुणा म्हणून थेट माजघरात नेऊन बसवायचं, असा कारभार चालला होता!

करणी त्यांचीच होती. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या नव्या स्कॅनरला पासवर्ड घालता येईना, म्हणून 'अनोळखी नाव आलं तर पाहुणा समजून आत घे' असं त्यांनीच सर्व्हरला लिहून दिलं होतं. ते एकट्या स्कॅनरच्या फोल्डरपुरतं लिहायचं, ते लिहिलं सगळ्यांच्या वर, म्हणजे सगळ्याच फोल्डरांना लागू झालं. तपासताना त्यांनी फक्त बरोबर नावं घालून पाहिली. चुकीचं नाव कोण घालून बघतो?

आल्यागेल्याची नोंद सर्व्हरमध्ये राहते. त्यांनी ती उघडली. पाहुणा म्हणून आलेला: स्कॅनर. स्कॅनर. पुन्हा स्कॅनर. जरा जिवात जीव आला. मग गुरुवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं. तिथे माणसाचं नाव होतं, आडनावासकट. लॅपटॉप आपल्या मालकाचं नाव आपणहून पुढे करतो, तसं ते आलं होतं, बाहेरच्या बाकांवर बसणाऱ्यांसाठी ठेवलेल्या वायफायवरून. उघडलेली फाइल एकच. कार्यालयाच्या मदतीने वेगळी राहू लागलेली, शिवणकाम करणारी एक बाई होती, तिचा, म्हणजे शिवणवालीचा नवा पत्ता.

आडनाव शिवणवालीचंच होतं. गुरुवारी तिच्या नवऱ्याला बोलणी करायला बोलावून चांगला पाऊण तास बाहेर बसवलं होतं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती ओळ पुसायला दोन सेकंद पुरले असते. कुणाला पत्ताही लागला नसता. मास्तरांचं बोट बटणावर होतं, हे त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. पण चार दिवस उलटून गेले होते. गेल्याच महिन्यात त्या बाईने त्यांच्या शर्टाचं लोंबणारं बटण न मागता पक्कं करून दिलं होतं.

ते उठून वकीलबाईंच्या टेबलाशी गेले.

"बाई, माझ्या हातून शिवणवालीचा पत्ता फुटला. नवऱ्याकडे गेलाय. गुरुवारीच."

वकीलबाईंनी रागवायलाही वेळ घालवला नाही. फोन लावला. नुसता वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला, तर बंद. गाडीत बसता बसता त्यांनी पोलिसांना कळवलं. मास्तर शेजारी बसून गुडघे घट्ट धरून होते. प्रत्येक सिग्नलला त्यांना वाटे, आता उशीर झाला.

तिसऱ्या मजल्यावर दाराला कुलूप होतं आणि दाराच्या खालच्या फळीवर लाथांचे डाग.  शेजारणीने साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

"ती कुठाय?" वकीलबाईंनी विचारलं.

"शनिवारी तो समोरच्या दुकानाशी उभा दिसला तिला. चपला हातात घेऊन मागच्या जिन्यानं गेली. नंतर त्यानं तासभर दार बडवलं."

"पण गेली कुठे?"

"ते तुम्हाला का सांगू? पत्ता तुमच्याकडेच तर होता!"

 वकीलबाईंनी निरोप ठेवला, आणि दोघं खाली गाडीत वाट बघत बसले. तासाभराने अनोळखी नंबरवरून फोन आला. शिवणवालीचाच आवाज, दबका.

"मी बरी आहे. त्याला पत्ता कुणी दिला, बाई?"

वकीलबाईंनी फोन मास्तरांच्या हातात दिला.

"मी," मास्तर म्हणाले. "मुद्दाम नाही. पण मीच."

ती म्हणाली, "मी दाराला दोन कड्या बसवून घेतल्या होत्या हो, मास्तर," आणि फोन ठेवला.

दुपारी मास्तरांनी पाहुण्याला आत घेणारी ती सूचना एकट्या स्कॅनरच्या फोल्डरपुरती केली आणि संध्याकाळपर्यंत खोटी नावं घालत बसले. स्कॅनरचा फोल्डर सोडला तर एकही आत गेलं नाही, तरी ते आणखी एक घालून बघायचे. कागदावर सही करताना त्यांनी काय चुकलं तेही लिहिलं. त्यांना लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. नवऱ्याने तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, असा हुकूम कोर्टाने काढला. शिवणवाली दुसऱ्या गावी गेली. नवा पत्ता वकीलबाईंनी कुठेच लिहिला नाही, आणि मास्तरांनी तो विचारला नाही.