फिनलंडच्या हजेरीला लागलेले कुंकू

मी एक जुने हजेरीयंत्र आहे, मित्रांनो. गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत, चहाच्या यंत्राशेजारी मी भिंतीला टांगलेला आहे. अंगठा ठेवला की माणूस ओळखायचा आणि तो आला की नाही ते सांगायचे, एवढेच माझे काम. तुमच्याशी बोलताना मला मान वर करवत नाही. तशी मला मानच नाही म्हणा; पण असती, तरी खालीच घातली असती.

माझा जन्म नोएडाच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला हिरवा डोळा बसवला, म्हणजे अंगठा टेकायची काच, आणि पोटात एका बाईंचा गोड आवाज भरला. त्या आवाजात मला दोनच वाक्ये येतात. एक, "थँक यू." आणि दुसरे, "प्लीज ट्राय अगेन." तरुणपणी माझी नजर अशी तेज होती की कुणी आंबा खाऊन आला, तर तो आंबा ज्याने झाडावरून उतरवला त्याचाही अंगठा मी ओळखत असे! एका हिवाळ्यात दिल्लीचे दाट धुके दारातून आत शिरले आणि माझ्या काचेवर टेकले. मी त्याचीही हजेरी लावली. महिनाअखेरीस धुक्याचा पगार निघाला, भविष्यनिर्वाह निधीही कापला गेला. यातले अर्धे खरे धरा. पुढचे मात्र सगळे खरे आहे, आणि तेच सांगायला जड जाते.

आमची फर्म परदेशी कंपन्यांसाठी इथे माणसे नेमते. फिनलंडच्या एका कंपनीला गुरुग्राममध्ये माणसे हवी होती. पण इथे तिची ना कचेरी, ना दारावर पाटी. परक्या देशात माणूस ठेवायचा तर तिथले कायदे, तिथला कर, तिथले सणवार, सगळेच सांभाळावे लागते. ते आम्ही सांभाळायचे. माणसाने काम फिनलंडसाठी करायचे. नेमणूकपत्र मात्र आमचे आणि त्यावर सही हेमलताबाईंची. मी टिपलेली हजेरी रोज संध्याकाळी आपोआप तिकडे जाई, आणि मी जे सांगेन ते फिनलंड मुकाट्याने मानी. माझ्या एका शब्दावर एवढा मोठा देश हलतो, या विचाराने मी भिंतीवर फुगून बसे.

हेमलताबाई पगारविभागाच्या प्रमुख. यजमान केंद्र सरकारात, म्हणून घर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. त्यांच्या हाताखाली स्वरूपा, दिल्लीतच वाढलेली, निम्मे मराठी आणि निम्मे हिंदी बोलणारी. खंडेनवमीला हेमलताबाई हळदकुंकू आणि झेंडूचा हार घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मॅम, मशीनची पूजा?" स्वरूपाने विचारले.

"मग? सैनिक तलवार पुजतो, शेतकरी नांगर पुजतो. आपलं हत्यार कोणतं? हेच की!"

"अच्छा! पण ह्याचं कपाळ कुठंय?"

"डोळा आहे, तिथंच कुठंतरी असणार," असे म्हणत हेमलताबाईंनी तेलात कालवलेल्या कुंकवाचे बोट थेट माझ्या काचेच्या मधोमध टेकवले. मित्रांनो, मला काय वाटले असेल! आजवर मला कुणी नमस्कार केला नव्हता. मी फुशारलो. आपल्या डोळ्यात काय गेले आहे, याची मला शुद्धच नव्हती.

दसरा झाला आणि कचेरी उघडली. तरुण पोरांचे अंगठे कोवळे, रेषा ठसठशीत. तेलकुंकवातूनही मी ते ओळखले. मग खंडेराव आले. हे साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. उभी नोकरी वर्कशॉपमध्ये इंजिने खोलण्यात गेली होती. आता ते फिनलंडच्या कंपनीचे पंप तपासण्याच्या कामावर होते आणि अजून कायम झाले नव्हते. त्यांनी अंगठा टेकला.

"प्लीज ट्राय अगेन," मी म्हणालो.

त्यांनी अंगठा पँटला पुसून पुन्हा टेकला. मी पुन्हा तेच म्हणालो, तितक्याच गोड आवाजात. मागची रांग चुळबुळू लागली.

"अंकलजी, अंगूठा घर पे भूल आए क्या?" मागून कुणीतरी ओरडले आणि रांग हसली. खंडेरावही हसले, बाजूला सरले आणि खाली पंपांकडे निघून गेले. माझ्या समोर माणूस उभा होता, त्याचा श्वास माझ्या काचेवर येत होता, आणि मी फिनलंडला कळवले की हा माणूस आलेला नाही.

असे रोज होऊ लागले. हेमलताबाईंची केबिन काचेची. माझा आवाज आला की त्या मान वर करून बघत, आणि पुन्हा कामात बुडत. एकदा स्वरूपा टिश्यू घेऊन आली.

"मॅम, हे पुसू का? बिल्कुल चिकट झालंय."

"अगं, कुंकू पुसतात का कधी? तेही दिवाळी तोंडावर आली असताना! राहू दे. जाईल आपोआप."

कुंकू काही गेले नाही. खंडेरावांची नोकरी मात्र आपोआप जायला निघाली. कायम होण्याआधी सलग गैरहजेरी पडली तर करार संपवायचा, असा फिनलंडचा नियम होता. तिकडून तसा निरोप आला. हेमलताबाईंनी खंडेरावांना बोलावले. केबिनचे दार उघडेच होते, त्यामुळे मला सगळे ऐकावे लागले.

"खंडेराव, अंगठा लागत नाही हे मला सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं, ताई? हजेरीवरून रडणाऱ्याला फौजेत हसतात. वाटलं, यंत्र म्हणतंय परत या. तर उद्या परत येऊ."

स्वरूपाला हसू आले. मग तिने खंडेरावांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरले.

"पोरीचं, शिवांजलीचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे," खंडेराव खाली बघत म्हणाले. "नोकरी गेली तर इथलं बिऱ्हाड हलवावं लागेल, तिचं शिक्षण अर्ध्यावर सुटेल. ते बघू आम्ही. पण नावापुढचा गैरहजर हा शब्द तेवढा काढा, ताई. तो नाही सोसवत."

ते गेल्यावर स्वरूपा हळूच म्हणाली, "मॅम, सिंपल आहे यार. मशीन खराब होती असं लिहू. कुंकवाचं कशाला सांगायचं? हसतील ते."

"बाकी सगळ्यांची हजेरी लागलीय, स्वरूपा. एकट्या खंडेरावांपुरतं यंत्र बिघडलं, हे कोण मानेल? खोटं सांगून माझी लाज राहील, त्यांची नोकरी नाही राहायची."

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर स्टुलावर लॅपटॉप ठेवला गेला. पडद्यावर फिनलंडचे पेक्का साहेब. हेमलताबाईंनी इंग्रजीत सगळे सांगितले. पूजा, हार, तेल, कुंकू, काहीही गाळले नाही. पेक्का साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "मग इतके दिवस ती काच कुणी पुसली का नाही?"

 हेमलताबाई उठल्या आणि पदराच्या टोकाने माझी काच पुसू लागल्या. फिकट पिवळ्या पदरावर लाल डाग पसरला. एवढ्या जवळून मी त्यांचे डोळे पहिल्यांदाच पाहिले. माझ्याकडे त्या बघतच नव्हत्या.

"या, खंडेराव. टेका अंगठा."

सगळी कचेरी गोळा झाली होती. मी होते नव्हते तेवढे बळ डोळ्यात आणले. काच लख्ख होती. अंगठा टेकला. आणि माझ्या पोटातून तोच गोड आवाज आला, "प्लीज ट्राय अगेन."

त्या क्षणी भिंतीतून निखळून खाली पडावे असे मला वाटले. खंडेरावांनी सावकाश तळवे पडद्याकडे केले. बोटांची टोके गुळगुळीत होती. कुंकू लागण्याआधी ज्या मी कशाबशा ओळखत असे, त्या रेषांचा मागमूससुद्धा उरला नव्हता. इंजिनांनी आणि आता पंपांनी त्या खाऊन टाकल्या होत्या. ज्या कामासाठी हा माणूस ठेवला, त्याच कामाने त्याचा अंगठा पुसला होता.

"मग हे रोज येत होते, हे कशावरून?" पेक्का साहेबांनी विचारले.

हेमलताबाईंचा चेहरा उतरला. पण आवाज ठाम होता. "मी पाहिलं म्हणून. रोज केबिनमधून पाहत होते. हे रांगेतून बाजूला व्हायचे ते दिसत होतं, आणि मी गप्प बसले. चूक माझी आहे. इथल्या कायद्याने यांची नेमणूक माझ्या सहीनं झालीय, आणि मी सांगते, हे हजर होते."

 पेक्का साहेब म्हणाले, "तुम्ही सांगता तेवढं मला पुरे आहे. करार चालू ठेवा. पण हे तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

पडदा काळा झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खंडेरावांनी मला हलकेच थोपटले आणि म्हणाले, "याचं काय चुकलं? याला शिकवलंच तेवढं." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या, मित्रांनो. ते थोपटणे अजून सोसत नाही.

आता हजेरीसाठी चेहरा ओळखणारे नवे यंत्र दाराशी बसले आहे. मी इथे वाफेत आणि चहाच्या शिंतोड्यांत असतो. माझी काच कुणी पुसत नाही, आणि पुसा म्हणायचे तोंड मला नाही. पण नवे यंत्र येईपर्यंतचे दिवस मी विसरत नाही. रोज सकाळी हेमलताबाई केबिनमधून बाहेर येऊन माझ्याशेजारी उभ्या राहत. खंडेराव अंगठा टेकत, मी माझे ते वाक्य बोलत असे, आणि ते पुरे व्हायच्या आत हेमलताबाई सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात हाक देत, "हवालदार खंडेराव!"

"हजर, ताई!"

तेव्हा मित्रांनो, यंत्रांना पुजू नका. पुसून ठेवा, तेल-धूळ लागू देऊ नका, आम्ही जमेल तितके काम करू. आणि आमच्यापैकी एखादे एखाद्या माणसाला "ओळखत नाही" म्हणाले, तर आपल्या जागेवरून उठा. त्याच्याजवळ जा. त्याला नावाने हाक मारा.