दिवसभर टिकणारी बॅटरी

"हलवू नको झोळी. सुई थांबू दे."

शकुननं हात मागे घेतला. वजनकाट्याच्या झोळीत तिचा अकरा महिन्यांचा श्याम निमूट पडून होता. दुसरी लेकरं झोळीत टाकली की आकांत करायची, पाय झाडायची, सुई इकडून तिकडे पळायची. श्यामसाठी सुईला फार वेळ लागला नाही.

पाच किलो सहाशे.

जयवंताबाईंनी आकडा पाहिला, मग डोळे बारीक करून पुन्हा पाहिला. अठ्ठावीस वर्षं त्या तेल्हाऱ्याच्या अलीकडच्या या गावात अंगणवाडी चालवत होत्या. मागच्या महिन्यात हेच पोर सहाच्या वर होतं.

"शकुन, याले अकोल्याले न्या लागते. दवाखान्यात अशा लेकरांचा वेगळा वॉर्ड हाये. चौदा दिवस राहा लागते."

"सासू नाही म्हणंन, बाई. भेंडीचा तोडा चालू हाये."

"पार्वताबाईशी मी बोलतो. तू पिशवी भरून ठेव. मी आत्ताच फोनवर टाकतो, मॅडम गाडी पाठवतीन."

त्यांनी फोन हातात घेतला. नऊ टक्के. सकाळी आठला शंभर होता आणि आता साडेअकरा वाजले होते. शनिवारी फोननं स्वतःच काहीतरी नवीन उतरवून घेतलं, दोनदा बंद होऊन चालू झाला, आणि तेव्हापासून ही तऱ्हा. मदतनीस केशरबाई खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता म्हणाली, "तुमचा फोन आता माह्या सासऱ्यासारखा झाला. सकाळी पोटभर खाते न् दुपारपासूनच आडवा."

शकुन हसली. जयवंताबाई हसल्या नाहीत. त्या घाईघाईनं श्यामचं नाव, वजन, उंची भरत होत्या. दंडाचा घेर भरला. 'दवाखान्यात पाठवणे' यावर बोट ठेवलं. हिरवी खूण आली. त्यांनी सुस्कारा सोडला आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला.

"टाकलं," त्या शकुनला म्हणाल्या. "उद्यापर्यंत येईन गाडी."

संध्याकाळी त्यांनी फोन चार्जिंगवरून काढून चालू केला आणि लगेच मुलीला लावला. प्रणाली अमरावतीला खोली घेऊन परीक्षेचे क्लास करत होती.

"आई, सोपं आहे. सेटिंगमध्ये जा. तिथून बॅटरीत जा. मग सेव्हर ऑन कर, लोकेशन बंद कर, मागे चालणारी सगळी अ‍ॅप बंद..."

"थांब. एका वेळी एकच सांग. मी तुले अ, आ, इ एकदम शिकवलं होतं काय?"

प्रणाली हसली आणि हळू झाली. जयवंताबाईंनी चष्मा लावून जुन्या वहीच्या मागच्या पानावर एकेक गोष्ट लिहून घेतली. पडद्याचा उजेड कमी. बचतीचं बटण चालू. मागे चालणारं सगळं बंद. प्रत्येक ओळीपुढे त्यांनी बरोबरची खूण केली, जशी लेकरांच्या पाटीवर करायच्या.

शेवटी एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या मनानं जोडली. काम झालं की फोन पूर्ण बंद करायचा. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवतो, तसा.

मंगळवारी दुपारी एक वाजता फोनमध्ये शहात्तर टक्के होते. जयवंताबाईंनी तो केशरबाईला दाखवला. "पाय. दिवसभर टिकते आता."

"लेकरांची गाणी नाही लावली आज तुमी."

"मी म्हणतो ना तोंडानं. माह्या गळ्याले चार्जिंग लागत नाही."

आणि त्या खरंच म्हणाल्या. लेकरांना गोल बसवून टाळ्यांचं गाणं घेतलं. जो चुकला त्याला रागावल्या नाहीत. त्याचा हात हातात घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मधूनच फोन चालू करायचा, हजेरी भरायची, खिचडीचा फोटो काढायचा, हिरवी खूण पाहायची, पुन्हा बंद. शेजारच्या गावच्या सेविकेला त्यांनी ही युक्ती सांगितलीही. सांगताना त्यांना बरं वाटलं. फोन आल्यापासून सगळे त्यांनाच शिकवत होते.

दुपारी शकुन दारात येऊन गेली. खांद्यावर श्याम, हातात कापडी पिशवी.

"बाई, गाडी येऊन राहिली ना?"

"येईन. टाकलं हाये मी."

बुधवारी ती आली तेव्हा मागे पार्वताबाई होत्या. भेंडीनं काळे पडलेले हात लुगड्याला पुसत त्या म्हणाल्या, "दोन दिवस झाले, ही कामाले हात लावत नाही. पिशवी धरून फाट्याकडे पाहात बसते. तुमच्या फोनातली गाडी फोनातच फिरते काय, जयवंताबाई?"

"सरकारी काम हाये, मावशी. एखादा दिवस मागंपुढं होते."

"मंग बाहेरचं दूध पाजतो आमी तोवर."

"असं पाण्यासारखं दूध नका पाजू. मी सांगतलं तेच द्या."

त्या गेल्यावर जयवंताबाईंना मॅडमला फोन लावावासा वाटला. रागिणी मॅडम पर्यवेक्षिका होत्या. पन्नास अंगणवाड्या त्यांच्याकडे. मागच्या बैठकीत त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, की अ‍ॅपवर टाकलं असेल तर मला दिसतं, त्यासाठी वेगळा फोन करू नका, दिवसभर फोनच उचलत बसते मी. जयवंताबाईंनी फोन चालू केला, मॅडमचं नाव काढलं, थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा बंद केला. ब्याऐंशी टक्के होते.

गुरुवारी शकुन सकाळीच आली. आज तिनं काही विचारलं नाही. श्यामला सतरंजीवर ठेवलं.

"रात्रीपासून पातळ होऊन राहिली. सात-आठ वेळा. आता रडतही नाही."

जयवंताबाई खाली बसल्या. त्यांनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही. त्यांनी ओठांना बोट लावलं. ओठ कोरडे होते.

"केशरबाई, साखर-मिठाचं पाणी करा. चमच्यानं पाजा." त्यांनी फोन चालू केला आणि मॅडमना लावला.

"मॅडम, जयवंता बोलते. शकुनच्या श्यामची गाडी अजून आली नाही."

"कोण श्याम?"

"अकरा महिन्यांचा. पाच सहाशे. सोमवारी टाकला मी."

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. "बाई, तुमच्या सेंटरचं सोमवारच्या हजेरीनंतर काहीच आलेलं नाही. परवाची, कालची हजेरीसुद्धा नाही. मला वाटलं, तुम्ही सुट्टीवर आहात. सुट्टीचा अर्ज मागणारच होते मी."

"हिरवी खूण आली होती."

"ती फोनमध्ये भरल्याची. फोन चालू राहिला की पुढे आपोआप जातं. पाच-दहा मिनिटं लागतात. तुम्ही काही बंद केलंय का? बॅटरीचं वगैरे?"

जयवंताबाईंची नजर जुन्या वहीकडे गेली.

"बाई?"

"हो. केलं."

"ते आधी सुरू करा. आणि ऐका, माझी गाडी आज पातूरकडे गेली आहे, चार वाजल्याशिवाय येणार नाही. तुम्हाला थांबता येईल?"

त्यांनी श्यामकडे पाहिलं. केशरबाई चमचा ओठाला लावत होती आणि पाणी गालावरून खाली येत होतं.

"नाही येणार," त्या म्हणाल्या.

वहीचं मागचं पान काढून त्यांनी एकेक ओळ उलटी केली. बचतीचं बटण बंद. मागे चालणारं सगळं चालू. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा बाण फिरू लागला आणि त्याच्याजवळ आकडा उमटला. एकशे बारा. मग एकशे अकरा. दोन दिवसांची हजेरी, खिचडीचे फोटो, गरोदर बायांची नावं, सगळं फोनातून एकेक करून बाहेर निघत होतं. श्याम त्यात सगळ्यांच्या आधीचा असणार. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

गावातल्या गजेंद्रची मिनीडोअर, मालाची छोटी गाडी, भेंडीची पोती घेऊन अकोल्याला निघालीच होती. जयवंताबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. दोन पोती उतरवली तेव्हा दोघींना बसायला जागा झाली.

"याचं भाडं मी कोणाले मागू?" गजेंद्र म्हणाला. मग त्याचं लक्ष शकुनच्या खांद्याकडे गेलं आणि त्यानं गाडी सुरू केली.

रस्ताभर जयवंताबाई दर पाच मिनिटांनी चमचाभर पाणी पाजत राहिल्या. खड्डा आला की थांबायच्या, खड्डा गेला की पुन्हा. शकुन एकटक पोराच्या तोंडाकडे पाहत होती. वाटेत प्रणालीचा फोन आला.

"आई, काय म्हणते बॅटरी? टिकते ना आता?"

"टिकते," जयवंताबाई म्हणाल्या. "तू अभ्यास कर. मी संध्याकाळी बोलतो."

त्या पोरीची चूक नव्हती. बॅटरी कशी वाचवायची ते त्यांनी विचारलं आणि तिनं तेवढंच सांगितलं होतं. मागे चालणारं म्हणजे नेमकं काय, हे त्यांनीच विचारलं नव्हतं. एखाद्या लेकरानं न समजता नुसती मान हलवली, तर त्यांना लगेच ओळखू यायचं. सोमवारी त्यांनी स्वतः तशीच मान हलवली होती.

दवाखान्यात गर्दी होती, पण नर्सनं पोराकडे पाहिलं आणि कागद नंतर करा म्हणून आत घेतलं. सलाईन लागलं. दुपार कलायला आली तेव्हा श्यामनं पहिल्यांदा आवाज काढला, अगदी बारीक, दार करकरावं तसा. शकुननं जयवंताबाईंचा हात घट्ट धरला आणि सोडला.

नर्स कागद घेऊन आली. "आता वजन पाच चारशे. आधीचं आहे का कुठे?"

"पाच सहाशे," जयवंताबाई म्हणाल्या.

"केव्हाचं?"

त्यांना गप्प बसता आलं असतं. कालचं म्हटलं असतं तरी कोणी तपासायला जाणार नव्हतं.

"सोमवारचं."

नर्सनं पेन थांबवलं. "सोमवारी पाच सहाशे होतं आणि आज आणलं?"

"सोमवारीच पाठवायचं होतं. नाव पुढं गेलंच नाही. मी फोनची बॅटरी वाचवायले त्याचं जाणं-येणं बंद केलं होतं. यांची काही चूक नाही. या तीन दिवस पिशवी भरून बसल्या होत्या."

नर्सनं त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

शकुननं सगळं ऐकलं होतं.

"मी सासूशी भांडली, बाई," ती हळू म्हणाली. "तीन दिवस. म्हटलं, बाईनं टाकलं म्हणजे टाकलं."

जयवंताबाईंनी मान खाली घातली. "चूक माही हाये, शकुन."

शकुननं पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

थोड्या वेळानं सलाईन काढलं आणि वाटीत दूध आलं. दर दोन तासांनी, चमच्यानं, सावकाश, असं नर्स सांगून गेली. श्यामनं अर्ध्याच्या वर घेतलं. वाटी धुवायला शकुन उठली. जयवंताबाईंनी सवयीनं दोन्ही हात पुढे केले. गावातलं प्रत्येक लेकरू या हातांवर येऊन गेलं होतं.

"राहू द्या," शकुन म्हणाली, आणि पोराला खांद्यावर टाकून, वाटी दुसऱ्या हातात धरून वॉर्डाच्या टोकाला नळाकडे गेली.

जयवंताबाई खाटेशी उभ्या राहिल्या. नळ दाबून धरायचा होता. हात काढला की पाणी बंद व्हायचं. शकुननं कोपरानं दाबून पाहिला, मग वाटी खाली ठेवून हातानं दाबला, तर वाटीपर्यंत धार पोचेना. श्याम खांद्यावरून घसरू लागला, तिनं त्याला वर सरकवलं.

त्या चालत गेल्या आणि नळ दाबून धरला. शकुननं वर पाहिलं नाही. तिनं वाटी धारेखाली धरली, बोटानं काठावरची साय काढली, विसळली, पुन्हा विसळली. वाटी स्वच्छ झाल्यावरही ती क्षणभर धारेखालीच राहिली. जयवंताबाईंनी नळ सोडला नाही.