बुधवारची बेडकी

तिनं गाडी तिसऱ्यांदा मागे घेतली, तेव्हा कुठे ती किराणा दुकानाच्या मागच्या बोळात, भिंत आणि रिकाम्या खोक्यांची थप्पी यांच्यामध्ये नीट बसली. दार जेमतेम वीतभर उघडलं. पोट आत ओढून, पर्स डोक्यावर धरून ती बाहेर निघाली आणि आधी वळून पाहिलं, रस्त्यावरून गाडी दिसते का. दिसत होती. पोपटी अंग, वर सायीच्या रंगाचं छप्पर आणि पुढे दोन गोल, वटारलेले दिवे. खोक्यांच्या आडूनही ती कुणाकडे तरी टक लावून बघतेय असंच वाटत होतं.

"किती सालची हो?" दुकानाच्या मागच्या पायरीवर चहा पीत बसलेल्या माणसानं विचारलं.

"तीन वर्षांची."

"काय सांगता! मला वाटलं, आजोबांच्या वेळची सांभाळून ठेवलीय."

"दिसायला तशी आहे. आतून नवीनच."

हे वाक्य ती आठवड्यातून चारदा तरी बोलायची. पेट्रोल पंपावर, सिग्नलला, दातांच्या लॅबच्या फाटकात. लोक थांबायचे, बॉनेटवरून हात फिरवायचे, आतल्या गोल तबकड्या आणि खटक्याची बटणं बघून हसायचे, मग मागचं सीट बघून आणखी हसायचे. घेतली तेव्हा तिला हेच आवडलं होतं. नवऱ्याची गाडी राखाडी होती. कुठेही लावली की शोधत फिरावं लागायचं. घटस्फोटानंतर दोन वर्षांनी तिनं स्वतःसाठी गाडी घेतली, ती शोधावी न लागणारी. गल्लीतल्या पोरांनी आठवड्याभरात तिचं नाव बेडकी ठेवून टाकलं, आणि तिची ताईसुद्धा "बेडकीत हवा भरलीस का?" असं विचारू लागली.

आता नेमकं तेच नडत होतं. परवाच लॅबमधली एक जण कवळीच्या साच्यात मेण ओतता ओतता म्हणाली होती, "गेल्या बुधवारी पाण्याच्या टाकीपाशी दिसली तुमची गाडी. शेजारी कोण होत्या, आई का?" ऐकून तिच्या स्वतःच्या हातातलं मेण सांडलं. राखाडी गाडी असती तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता.

दोन गल्ल्या ओलांडून ती सासूबाईंच्या इमारतीपाशी आली. त्या फाटकात उभ्याच होत्या. दंडाला बॅग, पायात फिरायला जायचे बूट.

"सहा मिनिटं उशीर," त्या म्हणाल्या.

"जागा मिळत नव्हती."

"ही काय समोर एवढी पडलीय. चोरासारखी लांब कशाला लावतेस?"

सासूबाई पुढे चालू लागल्या. बोळाचा रस्ता त्यांना आता पाठ झाला होता.

कायद्यानं त्या तिच्या कुणी लागत नव्हत्या. पाच वर्षं झाली. लग्नात ती त्यांना आई म्हणायची. आता काय म्हणावं हे न सुचल्यामुळे ती नुसतं "अहो" म्हणून सुरुवात करायची. त्यांच्या मुलानं दुसरं लग्न केलं आणि तो परदेशी गेला. गेल्या उन्हाळ्यात त्या बस थांब्यावर डोळ्याला पट्टी बांधून, भर उन्हात एकट्या उभ्या दिसल्या आणि तिच्या मनात काही यायच्या आत तिचा पाय ब्रेकवर गेला होता. त्या आत बसल्या, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाल्या, "ही काय खेळण्यातली गाडी घेतलीस?" मग उतरताना, "डॉक्टरनं पुढच्या बुधवारी बोलावलंय." बुधवारी तिची अर्ध्या दिवसाची सुट्टी असायची, हे त्यांच्या लक्षात होतं. डोळा महिन्याभरात बरा झाला. बुधवार मात्र चालूच राहिले, आता नुसते गाडीतून फिरायला.

त्यांनी कधी माफी मागितली नाही. सुरुवातीला तिला वाटायचं, आज मागतील, निदान विषय तरी काढतील. कोर्टात या बाईंनी सरळ उभं राहून, आवाज न चढवता सांगितलं होतं, "हिला तिच्या कामापुढे घर दिसलंच नाही." ते वाक्य पुढे कितीतरी दिवस तिच्या कानात होतं. आणि इथे आठ महिने झाले, तरी त्या फक्त पट्टा गळ्याला काचतो, खड्डा आला की पाठीत चमक येते, खिडकीची काच अर्धीच का उतरते, एवढंच बोलत होत्या. ती दर बुधवारी सकाळी ठरवायची, आज जायचं नाही. दीड वाजला की तिचं बोट स्टेअरिंगवर ठेका धरायचं.

आणि घरी ताई होती. ताई घरी बसून पडदे, उशांचे अभ्रे शिवायची. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला ती मशीन झाकून धाकटीबरोबर गेली होती. बाकावर मांडीत डबा धरून बसली होती. शेवटच्या दिवशी पायऱ्यांवर तिनं सासूबाईंना थांबवून सांगितलं होतं, "तुमच्या घराचं नाव आमच्या घरात पुन्हा निघणार नाही." आणि ते तिनं पाळलं होतं. त्या बाजूच्या गल्लीतून येणारं गिऱ्हाईकसुद्धा ताईनं सोडून दिलं. अशा बहिणीला काय सांगायचं? बुधवारी लॅबमध्ये जादा काम असतं, एवढंच सांगितलेलं होतं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. सासूबाईंनी तोंडात बोट घालून काहीतरी चाचपलं, मग बॅगेतून रुमाल काढला, आणि क्षणात वरची कवळी काढून, रुमालात गुंडाळून तिच्यापुढे धरली.

"टोशतंय. डावीकडे. घाशून दे."

"आत्ता? गाडी चालवतेय मी."

"मग काय म्हातारी झाल्यावर देणार?"

तिला हसू आलं ते तिनं खोकल्यात लपवलं. कवळी पर्समध्ये टाकली. दहा वर्षं एका घरात राहून या बाई तिच्यासमोर कधी केस मोकळे सोडून आल्या नव्हत्या.

पुलाच्या मधोमध तबकडीतले सगळे दिवे एकदम लागले. पिवळे, लाल, एक तर तिनं कधी पाहिलाच नव्हता. मग काटा लुळा पडावा तसा खाली आला आणि इंजिन गप्प झालं. तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मागून हॉर्न सुरू झाले.

"काय झालं?"

"माहीत नाही."

"पेट्रोल?"

"आहे."

"मग माहीत कशं नाही? गाडी तुझी आहे ना?"

ती खाली उतरली. मदतीच्या नंबरावर फोन लावला. तासाभरात माणूस येतो म्हणाले. तोवर लोक जमले होते. कुणी ढकलायला आलं नव्हतं. दोन मुली गाडीच्या गोल दिव्यांशेजारी वाकून फोटो काढत होत्या, एक गृहस्थ बायकोला सांगत होते की जुन्या गाड्यांचं हे असंच असतं. "नवीन आहे," ती म्हणाली, पण कुणी ऐकलं नाही. पूल शहराच्या बरोब्बर मध्यावर. इथून जात नाही असा माणूस नव्हता. तिची नजर येणाऱ्या प्रत्येक स्कूटरवर, प्रत्येक बसच्या खिडकीवर जाऊन परत येत होती.

पलीकडचं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. रुमाल तोंडावर धरलेला. त्यांनी एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं, एकदा फोटो काढणाऱ्या मुलींकडे, मग रुमाल बाजूला केला.

"तमाशा आहे का इथे? तू, चश्मेवाल्या, मागून धर! आणि तू रे, हात काय खिशात उबवतोश? ढकला! कडेला घ्या!"

बोळक्या तोंडातून शब्द फुसफुसत बाहेर पडत होते, पण माणसं निमूट पुढे आली. चौघांनी मिळून गाडी कडेला लावली. ती स्टेअरिंग धरून शेजारून चालत होती, आणि मान वर केली तेव्हा समोरच कापडाचे गठ्ठे लादलेली स्कूटर उभी होती. ताईला कापड पुरवणारा पडदेवाला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. त्यांना तो ओळखत होता. दोन्ही घरांचे पडदे त्याच्याच दुकानातले.

"बंद पडली का?" त्यानं विचारलं.

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि स्कूटर घराच्या दिशेनं, ताईकडे निघून गेली.

आता फोन करून आपणच सांगावं का? काय सांगावं? रस्त्यात भेटल्या म्हणून बसवलं? एक दिवस चाललं असतं ते. तिनं फोन काढला, ठेवला, परत काढला. शेवटी हातांना काहीतरी हवं म्हणून तिनं मागचं दार वर उचललं, त्या टीचभर डिकीच्या काठावर बसली आणि पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. बारीक कानस तिच्याकडे नेहमीच असायची. अंगठ्यानं कड चाचपली. डावीकडे एक टोक राहिलं होतं, कुणीतरी घाई केली होती. ती घासू लागली. थोडं घासायचं, बोटानं बघायचं, पुन्हा थोडं.

सासूबाई कठड्याला टेकून बघत होत्या. बाटलीतल्या पाण्यानं धुऊन तिनं कवळी दिली. त्यांनी पाठ फिरवून बसवली, दोनदा चावून पाहिलं. मग त्या पुलाखालच्या पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"तुझं काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

तिनं मान वर केली. त्यांची पाठच दिसत होती. कार्डिगनच्या मानेशी कपडे धुलाईवाल्याची चिठ्ठी तशीच टाचलेली राहिली होती. ती काढावी म्हणून तिनं हात उचलला, तेवढ्यात मदतीची व्हॅन आली.

मेकॅनिक तरुण होता, बोलघेवडा. बॅटरीशी खटपट करत त्यानं सासूबाईंना विचारलं, "मुलगी का तुमची?"

"नाही."

"सून?"

सासूबाईंनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी पडली.

"गाडी तिची आहे," त्या म्हणाल्या. "मी नुसती बसते."

गाडी सुरू झाली, पण एक भाग बदलायलाच हवा, मागवून ठेवतो, येत्या बुधवारी सकाळी आणून सोडा, दिवसभर लागेल, असं तो म्हणाला. तिनं मान हलवली. सासूबाईंना पहिल्यांदाच तिनं अगदी फाटकापर्यंत सोडलं. आता लपवायचं काय राहिलं होतं? उतरताना त्यांनी दार नेहमीपेक्षा हळू लावलं.

घराकडे जाताना तिनं वाक्यं जुळवली. ताई, रागावू नकोस. ताई, मी सांगणारच होते. ताई, मला स्वतःलाच कळत नाही मी का जाते. शेवटचं खरं होतं, म्हणून ते तिनं मोठ्यांदा म्हणून पाहिलं. ते सगळ्यांत वाईट वाटलं. घर आलं तरी ती पाच मिनिटं गाडीतच बसून होती. वर खिडकीत मशीनचा आवाज चालू होता. मग तो थांबला.

ताई पलंगावर पसरलेल्या लांबलचक पडद्यापाशी उभी होती. कोपऱ्यात कापडाचा नवा गठ्ठा पडला होता. म्हणजे तो येऊन गेला होता.

"गाडी बंद पडली होती," ती दारातूनच म्हणाली.

"कळलं. पुलावर."

"ताई, मी..."

"टोक धर आधी. जमिनीला लागतंय."

तिनं पर्स खाली ठेवली आणि पडद्याची दोन टोकं धरली. ताईनं समोरची दोन. दोघींनी कापड ताणलं, झटकलं, मधोमध दुमडलं. एकमेकींच्या जवळ आल्या, टोकं जुळवली, पुन्हा मागे गेल्या.

"तो सांगत होता," ताई म्हणाली, "दात नसताना अख्खा पूल दणाणून सोडला म्हणे."

ताईच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. ओठ मात्र गच्च मिटलेले, हसू दाबताना मिटतात तसे.

"कवळी माझ्याकडे होती. टोचत होती त्यांना."

"हं."

आणखी एक घडी. पुन्हा दोघी जवळ आल्या.

"तुला कधी कळलं?"

"अगं, असल्या रंगाची गाडी घेऊन तू लपणार कुठे होतीस? दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यातच तिघा-चौघांनी सांगितलं."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

ताईनं पडद्यावरचा सुटा दोरा शोधला, दातानं तोडला. "मी त्यांच्याशी बोलणार नाही. त्यांनी कोर्टात जे सांगितलं ते मी ऐकलंय. ते माझ्यापुरतं तसंच राहील."

"हो."

"तुझं तू बघ."

ती टोकं धरून उभी राहिली. जुळवून आणलेलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं. खाली गल्लीत पोरं बेडकीच्या आरशात तोंडं वेंगाडून हसत होती.

"दुरुस्तीला टाकायचीय गाडी," ती म्हणाली. "दिवसभर ठेवून घेणार. बुधवारी बोलावलंय."

ताईनं तिच्या हातातली टोकं घेतली, शेवटची घडी एकटीनंच घातली आणि पडदा उशाशी ठेवला. मग मशीनपाशी बसून सुईत दोरा ओवायला लागली.

"गुरुवारी दे," ती म्हणाली.