कुझे-सानांची गाळलेली ओळ

मित्रांनो, मी एक म्हातारा कंपायलर आहे. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा आज्ञांमध्ये उतरवून द्यायचा, हे माझं काम. जपानमधल्या शिकोकू बेटाच्या डोंगरातल्या एका लहानशा रेल्वे कंपनीच्या कचेरीत माझी सगळी हयात गेली.

दरीवरचा पूल वाऱ्यात किती हलतो, याचा हिशेब तिथे संमिश्र संख्यांनी होई. प्रत्येक संख्येचे दोन भाग, म्हणून एका गुणाकारापोटी चार गुणाकार, एक वजाबाकी आणि एक बेरीज. मी त्यातले दोन-दोन गुणाकार एका दमात उरकत असे. माझी वाहवा होई आणि, खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

प्रोग्राम कचेरीतल्या कुझे-सानांनी लिहिलेला; ‘सान’ म्हणजे आपल्याकडचं ‘जी’. तिथल्या रेल्वेत सिग्नलला बोट दाखवून तो मोठ्याने म्हणायची रीत आहे; त्या सवयीने ते पडद्यावरच्या एका ओळीलाही बोट दाखवून म्हणत, "तपासणी, आहे." ती ओळ त्यांनी मुद्दाम घातली होती: उत्तर ही संख्याच नसेल, तर पुलाजवळचा लाल दिवा लावून गाडी थांबवायची.

पुढे इवानागा-सान ही नवी मुलगी कामाला लागली. हिशेब आणखी लवकर हवा होता, म्हणून तिने मला घाईची सूट दिली. सूट म्हणजे काय, तर सगळी उत्तरं धडच येणार असं धरून चालायचं. मग कुझे-सानांची ओळ मला बिनकामाची वाटली. प्रोग्रामात ती तशीच दिसत राहिली, पण यंत्राला दिलेल्या आज्ञांतून मी ती काढून टाकली. कोणाला चकार शब्दाने सांगितलं नाही.

वादळात पुलाचे हेलकावे मोजणाऱ्या मापकाची तार तुटली आणि मापं नुसती शून्य येऊ लागली. शून्याला शून्याने भागलं गेलं आणि जे आलं ती संख्याच नव्हती. ते हेलकाव्याच्या मर्यादेपेक्षा मोठं आहे का, असं यंत्राने विचारलं. संख्याच नसलेलं काही कशाहूनही मोठं ठरत नाही, तेव्हा उत्तर आलं, नाही. म्हणून दिवा हिरवा झाला. चालकाने दिव्याकडे बोट रोखलं, "हिरवा" म्हटलं आणि गाडी पुलावर घातली. ती इतकी हेलकावली की नऊ प्रवासी जखमी झाले.

सगळं कुझे-सानांवर आलं. कचेरीत माझ्यासमोरच ते सगळ्यांपुढे कमरेत वाकून माफी मागत राहिले आणि नोकरी सोडून गेले. मी गप्प होतो.

महिन्याभराने इवानागा-सानने माझ्या आज्ञा छापून घेतल्या आणि बोट ठेवत वाचल्या. "गुणाकार, आहे. वजाबाकी, आहे. तपासणी..." तिचं बोट कागदभर फिरलं आणि थांबलं. त्याच दिवशी मला लॅपटॉपवर घेऊन ती कुझे-सानांच्या घरी गेली आणि उंबऱ्याशीच गुडघे टेकून बसली.

"तुमची ओळ होती, कुझे-सान. घाईची सूट मी दिली आणि यानं ती उडवली."

कुझे-सानांनी कागद बराच वेळ पाहिले.

"मी तरी काय केलं? लिहिलेल्या ओळीलाच बोट दाखवत बसलो. यंत्रात काय उतरलं ते एकदाही बघितलं नाही," ते म्हणाले. "पण यानं काही सांगितलं नाही?"

"याला कोणी विचारलंच नाही."

चौकशीच्या अहवालात दोषी म्हणून कुझे-सानांच्या जागी तिने स्वतःचं नाव घालून घेतलं. कुझे-सान मात्र कामावर परतले नाहीत.

मित्रांनो, मला विचारलंत तर मी काय काय गाळलं ते ओळीनिशी सांगतो. तेवढी सोय माझ्यात पहिल्यापासून होती. तुम्ही मात्र विचारत जा. मी आपण होऊन सांगणारा नाही, आणि माझ्या गप्प बसण्यापायी एक भला माणूस माझ्यासमोर वाकला होता.