प्लास्टिकची लिंबं

लिंबं प्लास्टिकची होती — दाबली की पोकळ आवाज करून आत जात होती, सोडली की पुन्हा फुगत होती. ग्लेनिसनं हातातलं भांड्यात टाकलं आणि बोटं स्कर्टला पुसली... शी. आईच्या ओट्यावर खोटी लिंबं, आईच्या खोलीत भाड्यानं आणलेला पलंग, आणि जिथं चाळीस वर्षं तळलेल्या कांद्याचा वास होता तिथं बाटलीतली व्हॅनिला.

शनिवार, अकरा ते साडेअकरा, विकायला काढलेलं घर बघायला खुलं. एक बाई न्हाणीघराचं कपाट उघडून आत नाक खुपसत होती. शेजारचा रॉस तर घर घेणारच नव्हता, फुकटचा भोचकपणा — आपणही दुसऱ्यांच्या घरांतून असंच हिंडलोय म्हणा — पण आज त्याचे ते चिखलाचे बूट बघून तिला किळस आली.

दलाल ट्रेंट लगबगीनं आला. "ग्लेनिस, घरच्यांनी थांबायचं नसतं हो. लोकांना मोकळेपणी नावं ठेवता येत नाहीत."

"मला गिऱ्हाईकच समजा."

"मग बघायला येणाऱ्यांच्या वहीत नाव लिहा!" तो हसला आणि तिच्या हातात पत्रक कोंबलं.

पत्रकात सोयी होत्या. शाळा चार मिनिटांवर, बोलिंग क्लब कोपऱ्यावर, रेल्वेनं मेलबर्न पस्तीस मिनिटं, बस अगदी दारातून. त्याच बसनं सात थांब्यांवर आईचा वृद्धाश्रम. तो यादीत नव्हता. आईला सांगितलंय — मीच सांगितलंय — की खुब्याचं हाड सांधलं की घरी. तिच्या वतीनं सही करायचा अधिकार माझ्याकडे आहे, कागद चोख आहेत, फक्त तिला सांगायचं राहिलंय... घर विकायचा लिलाव पुढच्या शनिवारी. त्यानंतर सांगीन.

बुधवारी आई म्हणाली होती, "आपल्या झाडाची दोन लिंबं आण गं. इथला चहा म्हणजे नुसतं धुवण." मागच्या दारचं ते झाड जाहिरातीच्या फोटोत आड येत होतं म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच तोडलं होतं, वर आयती हिरवळ अंथरली होती. बाबा रोज संध्याकाळी त्याच्या बुंध्याशी लघवीला उभे राहायचे — इथं सगळ्यांचेच बाप उभे राहतात, त्यानं लिंबू धरतं म्हणे — आणि आई खिडकीतून ओरडायची, "निर्लज्ज मेला! दिवाबत्तीची तरी वाट बघ!"

"यंदा काही धरलंच नाही, आई."

आईनं तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. थकलं असेल."

वही दारापाशी होती. कोण कोण भोचक येऊन गेले ते बघावं म्हणून ग्लेनिसनं मागचं पान उलटलं. गेल्या शनिवारची चौथी ओळ. अक्षर थरथरलेलं, पण वळण तेच. ईनिड पॅस्को — आई. फोनच्या रकान्यात याच घराचा जुना नंबर. घर घेण्याचा विचार आहे का? — नाही, नुसतं बघायला.

"त्या आजी?" ट्रेंट खांद्यावरून डोकावला. "वॉकर घेऊन बसनं आल्या होत्या. मागच्या दारात किती वेळ उभ्या... हिरवळ आवडली असणार. ओळखीच्या आहेत?"

गेल्या शनिवारी. म्हणजे बुधवारी तिनं लिंबं मागितली तेव्हा झाड गेलेलं तिनं पाहिलं होतं —

ट्रेंट पेन पुढे करून उभा होता. व्हॅनिलाचा वास तसाच होता, पण किळस आता त्याची नव्हती. ती तोंडात होती, 'धरलंच नाही' म्हणणाऱ्या जिभेवर, आणि थुंकता येत नव्हती. चार वाजता आईकडे जायचं होतं. आई चहा मागवून ठेवेल, बिनलिंबाचा, आणि काही विचारणार नाही.