लॉनखालचा तरवड

मी एक जुना तरवड आहे. जुना म्हणजे तुमच्या सोसायटीपेक्षा जुना. कमरेएवढं झुडूप, चिंचेसारखी पानं आणि पिवळीजर्द फुलं. नाव ऐकलं नसेल, तर तो दोष माझा नाही.

मित्रांनो, मला कुणी लावलं नाही. वाघोलीला गेनबांच्या शेताच्या बांधावर, मुरमात, मी आपला उगवलो. पाणी कुणी घातलं नाही, मीही मागितलं नाही. पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या माझी पानं कुरतडत, मी कुरतडू देई. नवरात्रात गेनबांच्या पत्नी, सोजरबाई, रोज सकाळी ओंजळभर फुलं नेऊन घटाला माळ घालत. तेवढा मान मला पुरे होता.

गेनबा गेले. शेतावर इमारत आली आणि सोजरबाईंना तळमजल्यावर घर मिळालं. सही करताना त्यांनी एकच अट घातली, खिडकीसमोरच्या तरवडाला हात लावायचा नाही. बिल्डर लगेच हो म्हणाला. हो म्हणायला त्याचं काय जातंय?

मग आला लॉन. मला त्याचा मनापासून तिटकारा आहे. फूल नाही, बी नाही, साधी मुंगी रमत नाही. रोज टँकरचं पाणी ढोसायचं आणि तरी एप्रिलात पिवळं पडायचं! पण सेक्रेटरी अनंतरावांचा तो लाडका. पेठेतून इथे राहायला आलेला हा माणूस. त्याच्या डोळ्यांत मी सलत होतो.

"सोजरबाई, हे रानटी झुडूप आपण आपल्या गावी न्या," ते एकदा म्हणाले.

"गाव हितंच हाय," सोजरबाई म्हणाल्या. "तुमीच आलाय गावात."

ते त्यांना फार झोंबलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बैठक भरली आणि मला उपटायचं ठरलं. सोजरबाई सोडून सगळ्यांनी हात वर केले. अनंतरावांच्या पत्नी श्यामलाबाईंनीही केला. सोजरबाईंनी माळांपुरते नऊ दिवस मागितले.

"नऊ दिवस आपले, दहावा सोसायटीचा," अनंतराव म्हणाले.

त्या नऊ दिवसांत श्यामलाबाई रोज परडी घेऊन फुलं मागायला येत. त्यांच्याही घरी घट होता ना! सोजरबाई मुकाट्याने देत. मला मात्र असा संताप येई, की फुलायचंच नाही असं ठरवत असे. पण न फुलणं मला जमत नाही.

दसऱ्याला अनंतरावांनी माळी संपतला बोलावलं. तो हात जोडून उभा राहिला.

"साहेब, काल खंडेनवमीला कुदळ पुजलीय. आज चालवत नसत्यात."

"उद्या तरी चालेल, की तिलाही महिन्याची रजा मंजूर करू?"

दुसऱ्या दिवशी ती चालली. तिच्या दांड्याला माझ्याच फुलांची माळ होती. संपतने ती काढून बाजूला ठेवली आणि घाव घातला. सोजरबाईंनी खिडकी लावून घेतली.

पण माझं मूळ खोल मुरमात गेलेलं. ते हातभर खाली तुटलं आणि वर लॉन अंथरला गेला. पावसाळ्यात मी लॉन फोडून वर आलो. दर आठवड्याला कापायची मशीन येई आणि माझं डोकं उडवी. मी शिव्या घालून पुन्हा वर येई.

यंदा घटस्थापनेला श्यामलाबाई परडी घेऊन, तरवडाची फुलं आता कुठे मिळतील असं विचारत, सोजरबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"लॉनची करा की माळ," सोजरबाई म्हणाल्या. "हिरवागार हाय." आणि दार लावलं.

श्यामलाबाई रिकामी परडी घेऊन लॉनवरून निघाल्या आणि थबकल्या. त्यांच्या पावलाशी मी होतो, वीतभर, एका कळीचा. समोरून संपतची मशीन घरघरत येत होती.

"श्यामला, बाजूला हो!" बाल्कनीतून अनंतराव ओरडले.

"नाही होत," त्या म्हणाल्या. मोठ्याने, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं.

संपतने मशीन बंद केली.

मित्रांनो, मी त्यांचे आभार मानलेले नाहीत. त्यांचा वर केलेला हात मी विसरलेलो नाही. तुमच्याकडेही माझं मागणं थोडंच आहे. पाणी नको, खत नको, कौतुक तर नकोच. मशीन आली की मध्ये उभे राहा.